मंगळवारचा टँकर

नानासाहेब येळवंड्यांना कोणी नुसती वेळ विचारली, तरी ते आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. याला वेळ कशाला पाहिजे, हा कुठं निघालाय, आणि आपण सांगितलेली वेळ उद्या आपल्याच अंगाशी तर येणार नाही ना, एवढं सगळं मनात झाल्यावर मग ते मनगट वळवत.

चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत त्यांना बावीस वर्षं झाली होती. भट्टीत लोखंडाचे तुकडे लालभडक करायचे, हातोड्याखाली ठोकायचे आणि त्यातून मोटारींचे भाग घडवायचे, असं तिथलं काम. नाना भट्टीवर नव्हते. हवेचा कॉम्प्रेसर, जनरेटर, पाण्याचे पंप, आणि गॅसची लाईन यायच्या आधी भट्टीला लागणारं तेल, हे त्यांचं खातं. कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून ते सांगत की आज कारखान्यात कुठंतरी हवा गळतेय. पण सांगत ते फक्त विचारणारा माणूस खात्रीचा असला तर.

हा संशयी स्वभाव त्यांना कुठून लागला ते त्यांच्या बायकोला, सोजराबाईंना, पक्कं ठाऊक होतं. येळवंड्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा मोजणीवाले भर मे महिन्यात आले. त्यांच्यातल्या एकानं विहिरीत वाकून बघितलं आणि कागदावर लिहिलं, 'कोरडी'. दिवाळीपासून होळीपर्यंत त्या विहिरीवर पंप चालायचा. नानांचे वडील सांगत राहिले, पण कागदावर पडलेला शब्द काही पुसला गेला नाही. मोजणीवाला म्हणाला होता, "आजोबा, आम्ही दिसतं त्यावरून अंदाज लिहितो." तेव्हापासून हातात टेप आणि वही घेतलेला माणूस दिसला की नानांच्या कपाळाला आठी पडायची ती पडायचीच.

तर गेल्या फेब्रुवारीत अशीच टेप आणि वही घेऊन एक मुलगी कंपनीत आली.

प्लँट मॅनेजर दिग्विजय तिला घेऊन कॉम्प्रेसर रूममध्ये आले. रावेतला राहणारा, पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. कंपनीत येऊन त्यांना चारच वर्षं झाली होती.

"नाना, ह्या अपेक्षा मॅडम. आपल्या कंपनीचा कार्बन फूटप्रिंट काढायला आल्यात."

"काय काढायला?"

मुलगीच पुढं झाली. सव्वीस-सत्तावीसची असेल. मूळची राजापूरकडची, मारुंजीत तिघींच्यात खोली घेऊन राहणारी. "काका, वर्षभरात कंपनीनं जे जे जाळलं, त्याचा किती धूर हवेत गेला त्याचा हिशोब. तुम्ही ज्यांना माल देता ना, ते आता मागतात. यंदाचं सोपं आहे, गॅसला मीटर आहे. मला दोन हजार अठरा सालचं पाहिजे. तेव्हापेक्षा आता किती कमी झालं ते दाखवायचंय. तेव्हा तेल जळत होतं ना?"

"जळत हुतं."

"किती?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग दिग्विजयकडे. "त्ये हापिसात आसंल."

"ऑफिसात काही नाही," दिग्विजय घाईघाईनं म्हणाले. "सॉफ्टवेअर बदललं तेव्हा जुनी बिलं गेली. तेल देणारी पार्टी धंदा गुंडाळून गेली. आणि टाकीला मीटर कधी नव्हताच. तेव्हाचे म्हणून तुम्हीच उरलात, नाना."

"मला काय ध्यानात न्हाई."

"हरकत नाही काका," अपेक्षा म्हणाली. "नक्की आकडा नसला तर अंदाज बांधू."

अंदाज. नानांनी कॉम्प्रेसरचा गेज पुसायला घेतला आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी दिग्विजयनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चहा मागवला. बावीस वर्षांत कुठल्याही मॅनेजरनं नानांना खुर्ची आणि चहा एकदम दिला नव्हता, तेव्हा नाना खुर्चीच्या कडेवरच टेकले.

"नाना, मॅडम पुन्हा विचारतील. आठवड्याला तीन टँकर तेल लागायचं म्हणून सांगा."

"दोन यायचे. सोमवारी येक, मंगळवारी येक."

"अहो, सात वर्षांपूर्वीचं कोण बघायला जातंय? तीन म्हणा. तुमचं काय जातंय त्यात?"

नाना चहा अर्धा ठेवून उठले. कमी सांगायला सांगितलं असतं तर त्यांना समजलं असतं. धूर कमी दिसावा असं कुठल्याही कंपनीला वाटणारच. पण जास्त? न आलेला टँकर आला म्हणून का सांगायचं? मशीनपाशी येईपर्यंत त्यांना उत्तर सापडलं. टँकर तीन आले असं एकदा कागदावर चढलं, की उद्या कोणीतरी विचारणार, भट्टीत तर दोनच जळाले, तिसरा गेला कुठं? तेलाच्या टाकीची किल्ली तेव्हा कोणाकडं होती? रिटायरमेंटला चौदा महिने राहिलेल्या माणसाला घरी घालवायला एवढं पुरे.

संध्याकाळी त्यांनी सोजराबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग ती कॅलेंडरं दावा की त्या पोरीला. पत्र्याच्या पेटीत हायेत. तुमीच तर रोज लिवत हुता."

कॅलेंडरं होती खरी. त्यांच्यामागची गोष्ट अशी.

कंपनीची पहिली तेलाची टाकी उभी होती, धान्याच्या कणगीसारखी. ती गळायला लागली म्हणून दोन हजार सोळात सेकंडहँड टाकी आणली, ती आडवी. नाना रोज सकाळी टाकीत लोखंडी गज सोडत, तेल किती बोटं आहे ते बघत. टँकर खाली होण्याआधी एकदा आणि झाल्यावर एकदा, असाही गज टाकत. सोमवारचा टँकर बबनराव नावाचा ड्रायव्हर आणायचा. त्याचं तेल पडलं की गजावरची खूण तीस बोटं वर चढायची. मंगळवारचा टँकर भैरू आणायचा. तेवढाच टँकर, चार हजार लिटरचा, आणि खूण चढायची पंचवीस बोटं. कधी सव्वीस. तीस कधीच नाही.

नानांनी दोन महिने काही बोलून दाखवलं नाही. घरी आल्यावर कॅलेंडरच्या चौकटीत रोजची बोटं लिहीत गेले, आणि मग ती पानं घेऊन तेव्हाच्या मॅनेजरकडे गेले. मॅनेजरनं टँकरच्या मालकाला फोन लावला. भैरू गेटपाशी उभा राहून शपथा घेत होता, "नाना, एक थेंब कुठं सांडला न्हाई ओ. वाटेत गाडी थांबवत बी न्हाई मी." नानांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि त्यांची खात्रीच पटली. इतक्या तळमळीनं बोलतोय म्हणजे खातोयच. भैरूला मालकानं काढलं. त्याच्या जागी आलेल्या ड्रायव्हरचा टँकरही मंगळवारी पंचवीसच बोटं भरायला लागला, तेव्हा नानांनी मनाशी म्हटलं, हाही त्यातलाच. यावेळी मात्र ते तक्रारीला गेले नाहीत. पण लिहिणं सुरूच ठेवलं.

आता तीच कॅलेंडरं आपल्याला वाचवतील हे कळत असूनही नानांचा हात पेटीकडे जाईना. त्या मुलीचा काय भरवसा? दिग्विजयनंच तिला आणलेलं.

म्हणून ते तिच्यावर नजर ठेवून राहिले. ती डिस्पॅचमध्ये गेली की यांना तिथल्या नळाचं काहीतरी काम निघायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या गवतात शिरली. तिथं ती जुनी आडवी टाकी गंजत पडलेली. मुलीनं ओढणी कमरेला खोचली, टाकीला टेप लावली, लांबी घेतली, गोल तोंडाची रुंदी घेतली, वर चढून झाकणातून आत टॉर्च मारला. नानांना राहवेना.

"रिकाम्या टाकीचं माप कशाला?"

ती दचकली, मग हसली. "काय करू काका? कोणाकडे आकडा नाही. मग जे हाताला लागतंय ते मोजते."

"आन लिवता काय?"

तिनं वही सरळ त्यांच्या हातात दिली. हे नानांना अपेक्षित नव्हतं. वहीत एकेका ओळीत एकेक गोष्ट होती, आणि प्रत्येकीपुढं तीन आकडे. कमीत कमी, बरोबर वाटतो तो, जास्तीत जास्त. आणि त्याच्यापुढं, हे कोणी सांगितलं आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा. एका ओळीत होतं, 'टँकर आठवड्याला तीन. सांगणारे: मॅनेजर. तेव्हा इथे नव्हते. विश्वास: कमी.'

"ह्ये सायबाला दावलं तुमी?"

"दाखवीन की. शेवटी सगळ्यांना दाखवायचंच असतं." ती टाकीवरून उतरली. "काका, त्या वर्षी किती माल बाहेर गेला तो आकडा माल घेणाऱ्यांकडे आहे. तेवढा माल तापवायला तीन टँकर लागतच नाहीत. मग साहेब तीन का म्हणतात? जुना आकडा मोठा दाखवला की आताची घट मोठी दिसते, म्हणून. पण हे माझ्या मनातलं झालं. पुरावा नाही माझ्याकडे."

नानांनी वही तिला परत दिली. म्हणजे तिसरा टँकर त्यांच्या डोक्यावर यायचा नव्हता. निदान, तेवढ्यासाठी तो काढलेला नव्हता. आणि ही मुलगीसुद्धा दिग्विजयवर संशय घेऊन होती, या गोष्टीनं त्यांना तिच्याबद्दल पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

"तुमचा अंदाज चुकला तर वो?"

"चुकेलच थोडा. कुठं चुकला ते मागून येणाऱ्याला सापडावं म्हणून तर हे सगळं लिहिते."

दुसऱ्या दिवशी नानांनी दोन हजार अठराची बारा पानं वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि कोणी बघत नाही ना ते बघून तिच्यापुढं ठेवली. ती पानं उलटत गेली तशी तिचा चेहरा उजळत गेला. "रोज? काका, तुम्ही रोज लिहिलंय? अहो, सोनं आहे हे!"

"कापी काढा आन पानं मला माघारी द्या," नाना म्हणाले. "आजच्या आज."

दोन दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन कॉम्प्रेसर रूममध्ये आली. "काका, जमलं. आठवड्याला आठ हजार लिटर, दोन टँकर. इकडेतिकडे पाच टक्के. तुमच्या बोटांचे लिटर करायला जरा वेळ लागला. टाकी आडवी ना, त्यामुळे प्रत्येक बोटाचं तेल वेगळं. पण मग सगळं बरोबर बसलं. सोमवारचा टँकर चार हजार, मंगळवारचाही चार हजार."

नाना फडकं झटकत होते ते थांबले. "मंगळवारचा किती?"

"चार हजार. दोन्ही सारखेच."

"न्हाई. मंगळवारचा पाच बोटं कमी भरायचा."

"बोटं कमी, तेल नाही." तिनं आपली पाण्याची बाटली टेबलावर आडवी धरली. "हे बघा. तळाशी बाटली अरुंद असते, थोडं पाणी पडलं तरी पातळी लगेच चढते. मध्यावर रुंद. तेवढंच पाणी पसरतं, पातळी कमी चढते. सोमवारी तुमची टाकी तळाला गेलेली असायची. मंगळवारी आदल्या दिवशीचं तेल आत असायचं, म्हणून दुसरा टँकर रुंद भागात पडायचा. उभ्या टाकीत असं होत नाही. तिथं बोट म्हणजे बोट."

ती गेल्यावर त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही पोरगी त्या टँकरवाल्यांच्या ओळखीची तर नाही? मग त्यांचं त्यांनाच हसू आलं, आणि लगेच गेलं.

पण दुसऱ्याच्या बाटलीवर विश्वास ठेवणाऱ्यातले ते नव्हते. शिफ्ट सुटल्यावर त्यांनी एक रिकामा दोनशे लिटरचा ड्रम मागच्या बाजूला आडवा केला, दोन्हीकडून विटा लावल्या आणि पाण्याच्या बादल्या ओतायला सुरुवात केली. प्रत्येक बादलीनंतर गज. पहिली बादली, तीन बोटं. दुसरी, दोन. सहावी बादली पडली, दीड बोट. बादली तीच होती, हातही तोच होता. त्यांनी ड्रम ओतून टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून भरला. पुन्हा तेच. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. गवतात बसून त्यांनी गेटपाशी उभा असलेला भैरू आठवायचा प्रयत्न केला. चेहरा नीट आठवेना. आवाज मात्र जसाच्या तसा आठवत होता.

अपेक्षानं अहवालात दोनच टँकर लिहिले, आणि पुढं लिहिलं, 'कर्मचाऱ्याची रोजची नोंद. विश्वास: चांगला.' दिग्विजय चार दिवस नानांशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाले, "कॅलेंडर द्यायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" नाना म्हणाले, "तुमीच म्हनला, तवाचं मीच उरलोय." माल घेणाऱ्या कंपनीनं तो आकडा घेतला. घट दिग्विजयना हवी होती त्याहून बरीच लहान निघाली, पण निघाली. कोणाची नोकरी गेली नाही. आठ दिवसांनी नानांची ड्यूटी बदलून त्यांना सलग दोन महिने दुसऱ्या शिफ्टला टाकलं, तेवढं झालं.

नानांचं चित्त मात्र अहवालात नव्हतं. "सोजरा, मी त्या मानसाला चोर केला," ते एकदा जेवताना म्हणाले. सोजराबाईंनी पोळी वाढली आणि विचारलं, "मंग आता जेवून उठल्यावर काय करनार?"

तळेगाव चौकात टँकरवाले थांबतात, तिथं त्यांनी चौकशी केली. भैरू? तो जतचा? तो काळेवाडीत असतो, शेगड्या दुरुस्त करतो, असं कळलं. रविवारी नाना तिथं गेले. अरुंद गाळा, बाहेर जुन्या शेगड्यांची रास, आत भैरू बर्नर घासत बसलेला. केस पांढरे झाले होते. त्यानं नानांना ओळखलं, आणि हातातला ब्रश खाली ठेवला नाही.

"कशाला आलासा? आता काय राहिलंय?"

"तुज्यासंगं कायतरी बोलायचंय."

"कुनी पाठवलं? कंपनीनं? काय लिहून पायजे आसंल तर मी कशावरबी सही करनार न्हाई, आदीच सांगतो."

नानांनी उभ्या उभ्याच सांगितलं. टाकी, बोटं, सोमवार, मंगळवार. सांगताना त्यांना स्वतःलाच ते कोणीतरी रचलेलं वाटलं. भैरूनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "दाखवा."

"आँ?"

"असं व्हतंय म्हनता न्हवं? दाखवा मग."

गाळ्यात पाच लिटरचा एक गोल पत्र्याचा डबा होता. भैरूनं स्वतःच तो आडवा केला, वरच्या अंगाला छिद्र पाडलं, स्वतःच्या हातानं ग्लासानं पाणी ओतलं, आणि बर्नर साफ करायची तार आत सोडून मोजलं. नानांना हात लावू दिला नाही. एकदा केलं, दुसऱ्यांदा केलं, मग ग्लास बदलून तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्यानं तार खाली ठेवली.

"त्या टायमाला कुनी गाडी दिली न्हाई मला," तो म्हणाला. "आठ महिनं घरी बसून हुतो. आमच्या हिनं दोन घरची धुनीभांडी धरली."

नाना त्याच्यासमोर जमिनीवर टेकले.

"आनि नाना, मला तुमचा राग कमीच हुता. माझा राग बबन्यावर. साडू हाय माझा त्यो, सख्खा साडू. त्यानं आनि तुमी मिळून मला काढला, असं धरून चाललो मी. त्याचा बराबर तीस बोटं भरतोय आनि माझाच कमी कसा? आठ-नऊ वर्षं झाली, त्याच्या दाराची पायरी चढलो न्हाई. त्याच्या पोरीचं लगीन झालं, हिला बी जाऊ दिलं न्हाई."

त्यानं पाणी गटारात ओतलं, हात पुसले आणि गाळ्याचं शटर निम्मं ओढलं. "चला. त्याच्यासमोर सांगा हे."

भैरूच्या स्कूटरवर मागं बसून नाना मोशीपर्यंत गेले. हा आपल्याला नक्की कुठं नेतोय, असा विचार नानांच्या मनात दोनदा आला. बबनरावांचं घर एका गल्लीच्या टोकाला होतं. भैरू गेटबाहेरच थांबला. नानांनी हाक मारली तेव्हा बनियनवर बबनराव बाहेर आले. आधी नानांकडे बघितलं, मग मागं स्कूटरपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे, आणि त्यांचा चेहरा आवळला.

नानांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. यावेळी थोडक्यात. बबनरावांना अर्धं कळलं, अर्धं नाही. पण भैरूनं तेल खाल्लं नव्हतं, एवढं कळलं.

"मी काय बोललो न्हवतो तुज्याबद्दल," बबनराव गेटवरूनच म्हणाले. "कुनापाशीच न्हाई."

"आत्ता कळलं मला," भैरू म्हणाला. "पोरीच्या लग्नाला आलो न्हाई मी."

"ठावं हाय."

गेटची कडी आतून होती. बबनरावांनी ती काढायला वेळ लावला, पण काढली. भैरू आत गेला. आतून बायकांचा आवाज आला, मग कोणीतरी मोठ्यानं रडलं, आणि दार लोटलं गेलं. नानांना कोणी ये म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही. ते थोडा वेळ गल्लीत उभे राहिले, आणि मग चाकणची बस कुठं मिळते ते समोरच्या दुकानदाराला विचारायला गेले.